सीनियरचे कानमंत्र आणि गप्प बसवलेला कंपायलर

‘सी प्रोग्रामिंग : सीनियरचे कानमंत्र’ नावाचा एक फॉरवर्ड सध्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्या ग्रुपांतून फिरतोय. वर रॉकेट, खाली जोडलेले हात, शेवटी ‘प्रत्येक ज्युनिअरपर्यंत पोचवा’. कुणी लिहिलाय त्याचा पत्ता नाही. माझ्याकडे तो भाचीकडून आला. ती सांगलीत विश्रामबागेत राहून इंजिनिअरिंग करते, यंदा तिसरं वर्ष, आणि चौघांचा मिळून सी-मधला एक बऱ्यापैकी मोठा प्रोजेक्ट चालू आहे. फॉरवर्डखाली तिचा मेसेज : ‘मामा, आम्ही मेकफाइलमध्ये हेच केलंय. सबमिशनला चालेल ना?’

सबमिशनला चालेलही. परीक्षकानं मेकफाइल (प्रोग्राम कसा बिल्ड करायचा ते सांगणारी फाइल) उघडलीच नाही तर नक्कीच चालेल. पण हीच पोरं दोन वर्षांनी कुठंतरी कामाला लागणार आणि हीच मेकफाइल सोबत घेऊन येणार, म्हणून हे लिहितोय.

कंपायलर आपला कोड मशिनच्या भाषेत नेतो; कुठं संशय आला तर वॉर्निंग देऊन पुढं जातो, एरर आली तर थांबतो. कशावर वॉर्निंग द्यायची ते त्याला फ्लॅग लावून सांगायचं. फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. वॉर्निंग म्हणजे नुसता सल्ला, प्रोग्राम चालला की झालं; मोठ्या प्रोग्रामला छोटा डब्ल्यू लावून सगळ्या बंद कराव्यात. तरी हौस असेल तर ‘वॉल’ लावा, त्यात सगळ्याच्या सगळ्या येतात. एखादी वॉर्निंग आलीच तर कास्ट (‘हा प्रकार त्या प्रकारचा समज’ असा कंपायलरला हुकूम) टाकून मिटवा. वॉर्निंगचे फ्लॅग लावले की प्रोग्राम हळू चालतो. खरे प्रोफेशनल मात्र ‘डब्ल्यू-एरर’ लावूनच कोड बाहेर देतात. आणि शेवटी हुकमी एक्का : एसक्यूलाइट या प्रसिद्ध डेटाबेसवाले स्वतःच म्हणतात की वॉर्निंगचा काही उपयोग नाही. (फ्लॅगांची नावं मी बोलण्यातल्यासारखी लिहितोय, टाइप करताना पुढं डॅश आणि रोमन अक्षरं.)

सगळ्या वॉर्निंग बंद करा, आणि प्रत्येक वॉर्निंगला एरर माना. दोन्ही सल्ले एकाच मेसेजात! दोन्ही फ्लॅग एकदम लावले तर छोटा डब्ल्यू आधीच सगळ्यांची तोंडं बंद करतो, त्यामुळं एरर व्हायला वॉर्निंग उरतच नाही. असो.

हळू चालण्याचं तेवढं आधी निकालात काढतो, कारण त्यात बोलण्यासारखं काही नाही. वॉर्निंगचे, म्हणजे मोठ्या डब्ल्यूनं सुरू होणारे, फ्लॅग तयार होणाऱ्या मशिन कोडला हात लावत नाहीत. कंपाइल व्हायला किंचित जास्त वेळ लागेल, इतकंच. एकच फाइल वॉल लावून आणि न लावता कंपाइल करा आणि त्यातून निघालेल्या मशिन कोडच्या दोन फाइली (ऑब्जेक्ट फाइली) ताडून बघा. चहा गार व्हायच्या आत उत्तर मिळेल.

आता कास्ट. मला सगळ्यात जास्त राग या मुद्द्याचा आला, कारण बाकीचे सल्ले आळशीपणाचे आहेत, हा सल्ला पुरावा पुसायला शिकवतो.

चौघांच्या प्रोजेक्टमध्ये नेहमी घडणारी गोष्ट घ्या. एकानं एका फाइलीत फंक्शन लिहिलं, ते पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, परत देतं. दुसऱ्यानं दुसऱ्या फाइलीत ते वापरलं, पण हेडर, म्हणजे त्या फंक्शनची ओळख करून देणारी फाइल, इन्क्लूड करायचं राहिलं. सी-च्या जुन्या नियमानं, जे फंक्शन कंपायलरला माहीत नाही ते इंट (साधी पूर्णांक संख्या) परत देतं असं तो धरून चालतो. हा नियम १९९९ च्या सी मानकातून काढून टाकला, तरी जुना कोड मोडू नये म्हणून जीसीसी हा कंपायलर पुढं कित्येक वर्षं नुसती वॉर्निंग देऊन गाडी पुढं सोडत होता. ६४-बिट लिनक्सवर पॉइंटर आठ बाइटांचा आणि इंट चार बाइटांचा. म्हणजे परत आलेल्या पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळून पडतो आणि उरलेल्या अर्ध्यावरून प्रोग्राम मेमरी शोधत निघतो.

कंपायलर इथं एकदा नाही, दोनदा ओरडतो : हे फंक्शन मला माहीत नाही, आणि तुम्ही इंटचा पॉइंटर करताय. आता कानमंत्र वापरा. कास्ट टाकला की दुसरी तक्रार जाते आणि तिच्या जागी तिसरी येते, की दोघांचा आकार जुळत नाही. मग पोरं मधे लाँगचा आणखी एक कास्ट घुसवतात. झालं, तिसरीही गेली. राहिली पहिली, तिला छोटा डब्ल्यू. स्क्रीन स्वच्छ, आणि चूक जागच्या जागी. पत्ता योगायोगानं खालच्या चार बाइटांत मावला तर प्रोग्राम चालतोसुद्धा. नाही मावला तर सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम मधेच कोसळतो. ‘माझ्या लॅपटॉपवर चालतंय की’ या वाक्याचा उगम बऱ्याचदा इथं असतो. खरा इलाज होता एका ओळीचा : हेडर इन्क्लूड करा. रोग रेड्याला आणि डाग पखालीला, तशातली गत.

२०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ नं ही वॉर्निंग मुळातच एरर करून टाकली, क्लँग या दुसऱ्या कंपायलरनं त्याच्या वर्षभर आधी १६ व्या आवृत्तीत तेच केलं. ‘नुसता सल्ला’ म्हणून ज्याला हिणवलं, त्यावर कंपायलर बनवणाऱ्यांनीच आता बिल्ड थांबवलंय. पण उबुंटू २२.०४ बरोबर जीसीसी ११ येतो आणि २४.०४ बरोबर १३. म्हणजे त्यातलं एखादं उबुंटू असलेल्या लॅपटॉपवर आजही नुसती वॉर्निंगच मिळणार, आणि छोटा डब्ल्यू लावला तर तीही नाही.

समजून न घेता तक्रार गप्प केली की काय होतं याचं एक उदाहरण जगजाहीर आहे. डेबियन या लिनक्सच्या एका वाणानं २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या (इंटरनेटवरची जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या लायब्ररीच्या) कोडमधल्या दोन ओळी काढल्या. तक्रार तिथं कंपायलरची नव्हती, व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाची होती : इनिशियलाइज न केलेली मेमरी वापरताय. तक्रार गेली, पण त्याबरोबर यादृच्छिक आकड्यांमध्ये मिसळली जाणारी जवळजवळ सगळी सामग्रीही गेली, उरला फक्त प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा, क्रमांक. त्याच्या शक्यता ३२,७६८. जगभरच्या सर्व्हरांच्या चाव्या एवढ्याशा आकड्यांतून तयार होत होत्या आणि हे उघडकीला आलं मे २००८ मध्ये. तो बदल करणारा माणूस निष्काळजी नव्हता, त्यानं आधी ओपनएसएसएलच्या लोकांना विचारलंही होतं. इथं तर पोरांना विचारूच नका असं शिकवलं जातंय.

‘वॉलमध्ये सगळ्या येतात’ हा गैरसमज नुसत्या फॉरवर्डवाल्याचा नाही, पाठ्यपुस्तकं शिकवणाऱ्यांचाही आहे, त्यामुळं यावर थोडं दमानं. जीसीसीचं मॅन्युअल उघडा. वॉर्निंगच्या प्रकरणात वॉलखाली लांबलचक यादी आहे आणि तिच्याखाली स्पष्ट लिहिलंय की काही वॉर्निंग वॉलमध्ये येत नाहीत. काही अशा आहेत की ज्या लिहिण्याला बहुतेक लोक चूक मानत नाहीत, काही अशा की ते लिहिणं कधीकधी टाळताच येत नाही. त्यातल्या काही ‘एक्स्ट्रा’ या वेगळ्या फ्लॅगमध्ये येतात, आणि ‘शॅडो’, ‘कन्व्हर्जन’ अशा बऱ्याच एक्स्ट्रातही नाहीत, नाव घेऊन वेगळ्या मागाव्या लागतात. हे एक प्रकरण वाचलं असतं तर अर्धा फॉरवर्ड लिहिलाच गेला नसता.

मी कुपवाड एमआयडीसीत वजनकाट्यांच्या इंडिकेटरचं फर्मवेअर (यंत्रातच बसवलेला प्रोग्राम) लिहितो, म्हणून उदाहरण काट्याचंच देतो. ऊसकाटा रिकामा आहे, शून्य जरा सरकलंय, वजन आलं उणे २०. ते साध्या इंटमध्ये. क्षमतेची मर्यादा ६०,००० किलो, ती कुणीतरी अनसाइन्ड इंटमध्ये (ज्यात उणे आकडा बसत नाही) ठेवली, कारण मर्यादा उणे कशाला असेल? मग ओळ : वजन मर्यादेपेक्षा जास्त असेल तर ओव्हरलोडचा भोंगा वाजव. सी-चा नियम असा की साइन्ड आणि अनसाइन्डची तुलना आली की साइन्डचं अनसाइन्ड होतं. उणे २० चे होतात ४,२९,४९,६७,२७६. रिकाम्या काट्यावर भोंगा. गळीत हंगामात बाहेर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना, आणि काटामारीवरून आधीच सगळे तापलेले असताना, हा भोंगा कुणाला ऐकवायचा?

या ओळीवर सी-मध्ये वॉल चकार शब्द काढत नाही. एक्स्ट्रा लावला की ‘साइन-कम्पेअर’ लगेच बोट ठेवतो. गंमत म्हणजे तीच ओळ सी-प्लस-प्लसमध्ये कंपाइल केली तर वॉलही सांगतो. म्हणून ‘मी वॉल लावलंय, एकही वॉर्निंग नाही’ यावर कुणी छाती फुगवू नये.

ॲपलचं २०१४ च्या फेब्रुवारीतलं प्रकरण याच जातीचं. ‘गोटू फेल’ (‘बाकीचं सोडून थेट शेवटच्या भागावर उडी मार’) ही ओळ चुकून दोनदा लागोपाठ पडली. पहिली इफच्या अटीच्या ताब्यात, दुसरी मोकाट. सुरक्षित जोडणीतली सही तपासण्याचा पुढचा भाग कधी चाललाच नाही. त्या वेळच्या वॉलनं ते पकडलं नसतं. क्लँगमध्ये न पोचणारा कोड दाखवणारा फ्लॅग होता, पण तो वेगळा मागावा लागे. फसव्या इंडेंटेशनची (ओळ आत सरकवल्यामुळं ती अटीखाली आहे असं भासवणाऱ्या मांडणीची) वॉर्निंग जीसीसी ६ मध्ये, २०१६ ला, वॉलमध्ये आली. म्हणजे वॉलची यादीही बदलत राहते. कंपायलर बदलला की तोच फ्लॅग नवं काहीतरी सांगू लागतो.

आणि हेच डब्ल्यू-एररचं दुखणं. या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. स्वतःच्या मशिनवर, ठरलेल्या एकाच कंपायलरवर, टीमच्या आपोआप होणाऱ्या बिल्डमध्ये डब्ल्यू-एरर जरूर लावा, कारण नुसती वॉर्निंग तिसऱ्या दिवसापासून कुणी वाचत नाही. पण ‘बाहेर देताना’ लावायचा हे साफ उलटं आहे. तुमचा कोड उद्या कुणी नव्या जीसीसीनं बिल्ड करायला घेईल, त्यात एखादी नवी वॉर्निंग असेल, आणि चांगला चालणारा प्रोग्राम त्याच्याकडं बिल्डच होणार नाही. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सनं सप्टेंबर २०२१ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सगळ्या बिल्डना डब्ल्यू-एरर आपोआप लागेल असं केलं, आणि काही दिवसांतच ते फक्त चाचणीच्या बिल्डपुरतं आखडतं घ्यावं लागलं. इतके कंपायलर, इतकी प्रोसेसरची घराणी, प्रत्येकाची कुरकुर वेगळी. जे कर्नलला झेपलं नाही ते आमच्या पोरांनी मेकफाइलमध्ये घालून सबमिट करायचं?

एसक्यूलाइटवाल्यांचं म्हणाल तर फॉरवर्डवाल्यानं अर्धंच वाक्य उचललंय. त्यांच्या चाचण्यांवरच्या पानावर हे आहे खरं, की स्थिर विश्लेषणानं (प्रोग्राम न चालवता नुसता कोड तपासून) त्यांना फारसे बग सापडले नाहीत, आणि वॉर्निंग घालवण्याच्या नादात त्याहून जास्त बग घुसले. ही कबुली मला पटते. कास्टबद्दल वर मी तेच तर म्हणतोय. पण त्याच पानावर असंही आहे की एसक्यूलाइट जीसीसी आणि क्लँगवर वॉल आणि एक्स्ट्रा लावून एकही वॉर्निंग न देता कंपाइल होतो, आणि त्यांच्या चाचण्या कोडची शंभर टक्के फांदी न् फांदी तपासतात. तुमच्याकडं त्यातलं काय आहे?

तर भाचीच्या ग्रुपसाठी, आणि ज्यांचा प्रोग्राम आधीच मोठा झालाय त्यांच्यासाठी. छोटा डब्ल्यू आजच काढा. एकेकाळी एक्स्ट्राचं नाव नुसता मोठा डब्ल्यू होतं आणि ते आजही चालतं. म्हणजे जास्त वॉर्निंग आणि शून्य वॉर्निंग यांत फक्त शिफ्टच्या बटणाचं अंतर आहे. तेव्हा पूर्ण ‘एक्स्ट्रा’ असंच लिहा. वॉल आणि एक्स्ट्रा लावल्यावर लोंढा येईल, घाबरू नका, सगळा एका रात्रीत निस्तरायचा नाही. आधी तीनच वॉर्निंग नावानिशी एरर करा : न सांगता वापरलेलं फंक्शन, रिटर्न न करणारं फंक्शन आणि प्रिंटएफच्या फॉरमॅटची गडबड. हे तीन आटोपले की पुढचा फ्लॅग घ्या. ‘न वापरलेला पॅरामीटर’ फार पिडत असेल तर तो खुशाल बंद करा, पण मेकफाइलमध्ये शेजारी कारण लिहा. बाहेरून आणलेल्या लायब्ररीची हेडरं ‘आय-सिस्टिम’नं जोडली की त्यांची कटकट तुमच्या डोक्याला राहत नाही. क्लँगचा ‘एव्हरीथिंग’ फ्लॅग कुणी सुचवला तर एकदा लावून मजा बघा आणि काढून टाका. रोज वापरायची ती चीज नाही.

ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करायची कंपायलरची खटपट) पूर्ण बंद ठेवून वॉर्निंग बघत असाल तर ‘कदाचित इनिशियलाइज न केलेलं’ ही वॉर्निंग येणारच नाही, कारण व्हेरिएबलच्या स्थितीचा माग कंपायलर ऑप्टिमाइज करतानाच ठेवतो. म्हणून ऑप्टिमायझेशन सुरू करणारा ओ-टू लावूनही एक बिल्ड करत जा.

आणि एखादी वॉर्निंग ‘नो’ लावून बंद करताना स्पेलिंग नीट तपासा. ‘नो’च्या पुढं काहीही अगडबंब टाइप केलं तरी जीसीसी ते मुकाट्यानं गिळतो. दुसरी एखादी वॉर्निंग निघाली तरच त्याबरोबर सांगतो की हा फ्लॅग मला ओळखीचा नाही.