गाणी लिहा, पैसे विसरा, नाव तर विसराच

गीतकार म्हणून अमर व्हायचंय? मग स्टीफन फॉस्टरचा कित्ता गिरवा. 4 जुलै 1826 ला पिट्सबर्गजवळ जन्मलेला हा गृहस्थ. अमेरिकेत निव्वळ गाणी लिहून पोट भरायचा उद्योग जवळजवळ त्यानेच सुरू केला. पोट भरलं का, ते पुढे येईलच.

आधी नोकरी सोडा. फॉस्टर सिनसिनाटीत भावाच्या कंपनीत हिशेबनीस होता. जमाखर्च कळणाऱ्याचं या धंद्यात काही खरं नाही.

गाणं असं लिहा की ते दुसऱ्यांनी छापावं. 1848 मध्ये 'ओ सुझाना' आलं आणि सोन्याच्या नादाने कॅलिफोर्नियाला निघालेली जनता तेच गात सुटली. डझनावर प्रकाशकांनी परस्पर छापून घेतलं. फॉस्टरला मिळाले 100 डॉलर. तेवढ्यात खूश व्हा.

भूगोल कच्चा असला तरी चालेल. 'ओल्ड फोक्स ॲट होम' या गाण्यातली फ्लोरिडाची नदी त्याने नकाशात शोधली, चालीत बसावी म्हणून तिचं नावही छाटलं. फ्लोरिडात पाऊलसुद्धा न टाकता 1935 मध्ये हे गाणं त्या राज्याचं राज्यगीत झालं, तेही त्याच्या नावावर!

नावावर म्हणालो का? चुकलंच. नाव आधी विकून टाका. हेच गाणं 1851 मध्ये छापलं गेलं ते ई. पी. क्रिस्टीच्या नावाने. तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या गोऱ्या नटांची त्याची मंडळी होती. असल्या गाण्यांनी आपली अब्रू जाईल म्हणून फॉस्टरनेच गाण्यावरचं नाव क्रिस्टीला दिलं. पुढच्या वर्षी पत्र लिहून परत मागितलं, क्रिस्टीने दिलं नाही. पण क्रिस्टी परवडला हो, त्याने निदान पैसे तरी मोजले! आमच्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनात परवा पोरांनी कीबोर्डवर 'ओ सुझाना' वाजवलं, आणि निवेदक म्हणतो, "एक पारंपरिक अमेरिकन लोकगीत!" मी विंगेत जाऊन चिठ्ठीवर नाव लिहून दिलं. "काका, जुनंच आहे ना, कोण विचारतंय?" चिठ्ठी त्याच्या खिशात. नंतर याच इसमाने मांडववाला, साउंडवाला, वडापाववाला आणि नगरसेवकांचे मेहुणे यांचे नावानिशी आभार मानले. मेहुण्यांचे तर दोनदा. भावगीतांच्या कार्यक्रमात तरी काय वेगळं असतं? गायिकेच्या साडीचं कौतुक होतं, कवी गेला खड्ड्यात.

पैशांची नड आली की पुढची रॉयल्टीही एकरकमी विका. 1857 मध्ये त्याने सुमारे 1,872 डॉलरला विकली.

शेवटी वेळेवर मरा. 13 जानेवारी 1864, न्यूयॉर्कचं बेलव्ह्यू रुग्णालय, वय 37, पाकिटात 38 सेंट. 'ब्यूटिफुल ड्रीमर' त्यानंतर छापलं गेलं.

पारंपरिक म्हणे! अरे, परंपरा रात्री दिवा लावून चाली बांधत बसते का? तेव्हाच्या कायद्यात गाणाऱ्याने फॉस्टरला छदाम द्यायची सोय नव्हती, म्हणून पैसे बुडाले. नाव घ्यायला तुम्हाला कुठला कायदा आडवा येतो? फोन हातातच असतो ना दिवसभर? निवेदनात पेरायला चारोळ्या बऱ्या सापडतात! आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुम्हीही कमी नाही. गाणं कुणाचं, हे एकाने तरी विचारलंत?