‘एक किलोवॅट म्हणजे दिवसाला चोवीस युनिट’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घरगुती पवनचक्कीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी दोन-तीनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : वारा फुकट आहे आणि तो रात्रीही वाहतो. एक किलोवॅटची चक्की चोवीस तास फिरली तर दिवसाला २४ युनिट होतात, त्यातले निम्मे जरी पदरात पडले तरी वीजबिल जवळजवळ संपतं. मंद वाऱ्यावर फिरणाऱ्या उभ्या आसाच्या, म्हणजे उभ्या दांड्याभोवती पाती फिरणाऱ्या, स्वस्त चक्क्या आता मिळतात. शंभर वर्षांपूर्वीही लोक घरच्या पवनचक्कीवर दिवे लावत होते. आणि मी मात्र एका फसलेल्या प्रयोगावरून सगळ्यांना घाबरवतो आहे. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘सामान्य माणसाने स्वतःची वीज स्वतः तयार केली तर तुमचं काय बिघडतं?’

माझं काहीच बिघडत नाही. आपल्या घराला लागणारी थोडी तरी वीज आपण तयार करावी असं मला मनापासून वाटतं. म्हणून तर मी चक्की घेतली होती. पण तुमच्या एका आक्षेपात तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. लेखाचं शीर्षक मी ‘घरगुती पवनचक्की : निव्वळ फसवणूक’ असं दिलं होतं. ते चूक होतं. लहान पवनचक्क्या चांगलं काम करतात अशा जागा आहेत. ज्याच्याकडे तशी जागा असेल, तो माझं शीर्षक वाचूनच मागे फिरला असेल. शीर्षक आज बदललं आहे.

आता २४ युनिटांकडे येतो, कारण सगळा घोळ तिथे आहे.

खोक्यावर जे ‘१ किलोवॅट’ छापलेलं असतं, ते एका ठरावीक वेगाच्या वाऱ्यासाठी असतं. लहान चक्क्यांसाठी हा वेग बहुतेक वेळा सेकंदाला ११ ते १२ मीटर धरतात. १२ मीटर म्हणजे ताशी सुमारे ४३ किलोमीटर. त्या वाऱ्यात झाडांच्या मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री हातात धरवत नाही. तुमच्या घराभोवती वर्षातले किती तास असा वारा असतो, हे जरा आठवून पाहा. रोजचा चांगला वारा, ज्यात पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहतात, तो सेकंदाला साधारण साडेतीन ते साडेपाच मीटरचा असतो.

बारा आणि चार यांत तिप्पट फरक आहे, म्हणून वीज एक तृतीयांश मिळेल असं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. पण वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा आठपट, तिप्पट झाला तर सत्तावीसपट. हेच उलटं करा : १२ मीटर वेगाला १००० वॅट देणारी चक्की ४ मीटर वेगाला १००० भागिले २७, म्हणजे सुमारे ३७ वॅट देते. यात कंपनीने लबाडी केलेली नसते, यंत्रही बिघडलेलं नसतं. हवेचा हिशेबच तसा आहे. दोन मीटर व्यासाच्या पात्यांतून ४ मीटर वेगाने जाणाऱ्या सगळ्या वाऱ्यात मिळून १२० वॅटच्या आसपास ऊर्जा असते. त्यातलीही जास्तीत जास्त ५९.३ टक्के काढून घेता येते. ही मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गणिताने दाखवून दिली आणि कोणत्याही आकाराच्या पात्यांना ती ओलांडता आलेली नाही. आपण सगळीच ऊर्जा काढून घेतली तर हवा पात्यांमागे जागच्या जागी थांबेल आणि मागून येणाऱ्या वाऱ्याला वाटच उरणार नाही. लहान चक्कीत बेअरिंग, जनित्र, तारा आणि इन्व्हर्टर यांचा तोटा वजा जाता हातात पंचवीस ते तीस टक्के येतात.

तुमच्या बाजूचीही एक गोष्ट इथेच सांगतो. वारा दिवसभर एकसारखा नसतो. तो जोराने वाहतो तेव्हा घनाच्या नियमामुळे भरपूर वीज देऊन जातो, त्यामुळे नुसत्या सरासरी वेगावरून काढलेला आकडा नेहमीच्या चढउतारात जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे पात्यांच्या उंचीवर वर्षाची सरासरी ४ मीटर असेल तर अशा चक्कीकडून दिवसाला दीड युनिटाच्या आसपास धरायला हरकत नाही. सरासरी ५ असेल तर सुमारे तीन युनिट. आणि ३ असेल तर जेमतेम अर्धा. एका मीटरचा फरक नुसत्या अंगाला कळतही नाही, पण चक्की फायद्याची की तोट्याची हे तोच ठरवतो.

‘रात्रीही वारा असतो’ हे उंचावर खरं आहे. मोठ्या पवनचक्क्या ऐंशी-शंभर मीटरवर असतात आणि तिथे रात्रीचा वारा अनेकदा दिवसापेक्षा जोरदार असतो. जमिनीलगत मात्र बऱ्याचदा उलटं घडतं. दुपारी जमीन तापते, हवा वरखाली होते आणि वरचा जोरदार वारा खाली उतरतो. सूर्य मावळला की जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन बसून राहते आणि वरचा वारा वरच्या वर निघून जातो. मोकळ्या समुद्रकिनाऱ्यावर किंवा डोंगराच्या धारेवर चित्र वेगळं असू शकतं. पण घरांच्या गर्दीत, गच्चीच्या उंचीवर, रात्री बहुधा वारा पडलेलाच असतो. पावसाळी, ढगाळ दिवसांत वारा सौरऊर्जेची उणीव भरून काढू शकतो हा तुमचा मुद्दा मात्र मला पूर्ण पटतो. जिथे वारा आहे तिथे ही जोडी चांगलीच जमते.

आता माझा प्रयोग. तो अर्धवट होता असं तुम्ही म्हणालात, म्हणून तपशील देतो. चक्की दोन मीटर व्यासाची, खोक्यावर एक किलोवॅट. गच्चीच्या कठड्याला लोखंडी पट्ट्यांनी आवळलेला साडेतीन मीटरचा खांब. अकरा महिने मी रोज सकाळी मीटरचा आकडा वहीत लिहीत होतो. एकूण ९६ युनिट झाले. त्याच काळात कंट्रोलर आणि इन्व्हर्टर स्वतःच्या जागेपणासाठी सतत सहा वॅट घेत होते, वारा असो वा नसो. त्याचे होतात ४८ युनिट. म्हणजे जी वीज झाली, तिच्यातली निम्मी ती मोजण्या-वळवण्यातच गेली. नंतर त्याच खांबावर मी वाऱ्याचा वेगमापक लावला. सहा महिन्यांची सरासरी आली २.६ मीटर. हे यंत्र आधी लावलं असतं तर पुढचा खर्च झालाच नसता.

आकड्यांपेक्षा मला जास्त शिकवलं ते गच्चीवर बसून पाहिल्याने. समोर एक उंच इमारत होती. वारा तिच्यावरून येताना मोडायचा. चक्कीचं शेपूट एका दिशेला स्थिरावायच्या आत दुसरीकडे वळायचं, पाती वेग घेत घेत एकदम मंदावायची, मग मागून झोत यायचा. लांबून पाहणाऱ्याला वाटायचं, काय जोरात फिरते आहे! मीटरवर त्या वेळी बारा-पंधरा वॅट. रात्री वारा सुटला तर खांबाची थरथर कठड्यातून भिंतीत उतरायची आणि खालच्या खोलीत उशीवर कान ठेवला की घुमल्यासारखा आवाज यायचा. खांब उतरवला तेव्हा पट्टीतलं बोल्टचं गोल भोक घासून लंबगोल झालेलं होतं. ते पाहून मला खरी भीती वाटली. २४ मीटर वेगाच्या वादळात त्याच पात्यांवर १२ मीटरच्या आठपट ऊर्जा आदळते. घनाचा नियम तिथेही लागू असतोच.

हे फक्त माझ्याच गच्चीवर घडलं असंही नाही. ब्रिटनमध्ये इमारतींवर बसवलेल्या २६ लहान चक्क्यांची मोजणी झाली, तिचा अहवाल २००९ साली आला. बंद ठेवलेला काळ धरून प्रत्येक चक्कीमागे दिवसाला सरासरी २१४ वॅट-तास, म्हणजे पाव युनिटाहूनही कमी वीज झाली. काही ठिकाणी तर चक्कीने तयार केलेल्या विजेपेक्षा तिच्या इलेक्ट्रॉनिक्सने खाल्लेली वीज जास्त होती. त्याच वर्षी तिथेच झालेल्या दुसऱ्या मोजणीत मोकळ्या जागी, वेगळ्या खांबावर नीट उभ्या केलेल्या चक्क्यांनी आपल्या छापील क्षमतेच्या सरासरी १९ टक्के वीज दिली. एक किलोवॅटला हे दिवसाला साडेचार युनिट होतात. देश तोच, यंत्रंही लहानच. मुख्य फरक पडला तो जागेमुळे.

उभ्या आसाच्या चक्कीबद्दल. तिला वाऱ्याकडे तोंड वळवावं लागत नाही, हा गुण खरा आहे. अर्ध्या पिंपासारख्या पात्यांची सॅव्होनियस जातीची चक्की मंद वाऱ्यातही फिरायला लागते, हेही खरं. पण फिरणं वेगळं आणि वीज देणं वेगळं. तिचं एक पातं वाऱ्याबरोबर जातं तेव्हा दुसरं वाऱ्याच्या विरुद्ध परत येत असतं, त्यामुळे तिची कार्यक्षमता आडव्या आसाच्या चांगल्या चक्कीपेक्षा कमीच असते. शिवाय आकार पाहा. एक मीटर उंच आणि अर्धा मीटर रुंद, म्हणजे अर्धा चौरस मीटर. ४ मीटर वेगाच्या वाऱ्यात एवढ्या चौकटीतून जाणारी सगळी ऊर्जा जेमतेम २० वॅट. बेट्झची मर्यादा लावली की १२ वॅटच्या वर कोणतंही यंत्र जाऊ शकत नाही, मग त्याच्या खोक्यावर काहीही छापलेलं असो. विकत घेताना किलोवॅट बघू नका, पात्यांनी व्यापलेलं क्षेत्रफळ बघा. ते मोजपट्टीने मोजता येतं आणि त्याबद्दल कोणी खोटं बोलू शकत नाही.

शंभर वर्षांपूर्वीचं उदाहरणही तुम्ही बरोबर दिलंत. त्याच्याही आधी, १८८७ साली, जेम्स ब्लाइथ यांनी स्कॉटलंडमधल्या आपल्या सुट्टीच्या घरी चक्कीवर बॅटऱ्या भरून दिवे लावले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत क्लीव्हलंडला चार्ल्स ब्रश यांनी बंगल्यामागे चक्की उभी केली आणि ती वीसेक वर्षं चालली. पण तिचा व्यास १७ मीटर होता, पाती १४४. दोन मीटरच्या चक्कीपेक्षा तिचं क्षेत्रफळ सुमारे बहात्तरपट, आणि एवढं असूनही ती जास्तीत जास्त १२ किलोवॅट देई. शिवाय त्या काळी दारापर्यंत विजेची तार आलेली नव्हती. जिथे तार नाही तिथे रोजचं एक युनिटही सोन्याच्या मोलाचं असतं. दिवे लागतात, फोन चार्ज होतो, रेडिओ चालतो. स्कॉटलंडमधल्या स्कोराइग या आडवाटेच्या द्वीपकल्पावर ह्यू पिगट यांनी लाकडी पाती कोरून, चुंबकं आणि तांब्याच्या वेटोळ्यांचं जनित्र हाताने बांधून चक्क्या केल्या आणि जगभरच्या लोकांना ते शिकवलं. त्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. पण तुमचा आणि माझा प्रश्न वीजबिल कमी करण्याचा आहे. तिथे चक्कीच्या प्रत्येक युनिटाची तुलना तारेतून येणाऱ्या युनिटाशी होते, आणि चांगलं ऊन असेल तर सौर पॅनेलच्या युनिटाशीही. एक किलोवॅटचं पॅनेल भरपूर उन्हाच्या जागी दिवसाला चारेक युनिट देतं आणि त्यात झिजणारा, फिरणारा एकही भाग नसतो.

एवढं वाचूनही तुमच्या मनात चक्की असेल, आणि असावी असंच मला वाटतं, तर खरेदीआधी एक काम करा. पतंग उडवा. दोरीला दर दोन-तीन मीटरवर हलक्या कापडाची लांब फीत बांधा. ज्या उंचीपर्यंत फिती फडफडतात, पिळवटतात, तिथपर्यंत वारा मोडलेला आहे. ज्या उंचीवर त्या सरळ ताणून आडव्या राहतात, चक्कीची जागा तिथून वर. जवळपास विजेच्या तारा असतील तर हे करू नका. शंभर-दीडशे मीटरच्या आत जे सगळ्यात उंच झाड किंवा घर असेल, त्याहून पात्यांचं खालचं टोक निदान नऊ मीटर वर हवं, असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. अगदी सपाट, उघड्या माळावरही खांब १० मीटरचा २० मीटर केला तर वाऱ्यातली ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने वाढते. झाडाझुडपांच्या भागात त्याहून जास्त. म्हणून पैसे मोजकेच असतील तर लहान चक्की आणि उंच खांब घ्या. मोठी चक्की घेऊन ती आखूड खांबावर बसवू नका.

मग त्या उंचीवर वेगमापक लावा आणि नोंदी ठेवा. वर्षभर जमलं तर उत्तम, नाहीतर सगळ्यात वाऱ्याचा एक महिना आणि सगळ्यात शांत एक महिना तरी. विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा : ४ आणि ५ मीटर वेगाला नेमके किती वॅट, वादळात चक्की स्वतःहून कशी आवरते, आणि बॅटरी भरली किंवा वीजपुरवठा बंद झाला तर तयार होणारी वीज कुठे जाते. तिसऱ्या प्रश्नावर तो गडबडला तर तिथून उठा. वीज ओढणारं काही जोडलेलं उरलं नाही तर चक्की मोकाट वेग घेते आणि पाती तुटून उडू शकतात. त्या पात्याखाली शेजारच्यांची मुलंही असू शकतात.

तुम्ही लिहिलंत की तुमचं घर उघड्या टेकडीवर आहे आणि ‘वारा सतत असतो’. तसं असेल तर तुमची जागा माझ्या गच्चीपेक्षा कितीतरी सरस असेल. घरापासून किती अंतरावर खांब उभा करता येईल, त्याला ताठ धरणाऱ्या ताणाच्या तारांना जागा आहे का आणि वाऱ्याच्या मुख्य दिशेला काय आहे, एवढं कळवा. वेगाच्या नोंदी हाती आल्या की त्याही पाठवा. महिन्याला किती युनिट मिळतील याचं गणित मी ओळीओळीने मांडून देईन. ते तुमच्या बाजूने निघालं तर याच लेखात, माझ्या ९६ युनिटांच्या शेजारी, तुमचा आकडा छापेन.