दोन दिवसांची लस आणि आमची आत्या

आत्याने नातीची एचपीव्ही लस, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला रोखणारी लस, थांबवली. कारण, फॅमिली ग्रुपवर आलेला मेसेज: ‘करोनाची लस कॉम्प्युटरवर दोन दिवसांत बनवली, चाचणी केलीच नाही, तिच्यातला कोड आपला डीएनए बदलतो, आता सगळ्या लशी अशाच येतात.’ खाली हात जोडलेले आठ इमोजी.

दोन दिवस खरे आहेत, नाइलाजाने मान्य. विषाणूचा जनुकीय क्रम जाहीर झाला आणि 13 जानेवारी 2020 ला मॉडर्ना या अमेरिकी कंपनीच्या लशीचा आराखडा ठरलासुद्धा. पण आराखडा म्हणजे लस नव्हे. नकाशा पास झाला म्हणून कोणी फ्लॅटमध्ये राहायला जात नाही. शिवाय त्यातली खरी मेख जुनीच होती. विषाणूचा स्पाइक, म्हणजे त्याच्या अंगावरचं काट्यासारखं प्रथिन, पेशीत शिरताना आकार बदलतो, आणि लशीला हवा असतो तो बदलण्याआधीचा आकार. तो धरून कसा ठेवायचा, हे जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम या शास्त्रज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी करोनाच्याच कुळातल्या मर्सच्या विषाणूवर शोधून 2017 मध्ये ‘पीएनएएस’ या नियतकालिकात छापलं होतं: ठरावीक जागी दोन प्रोलीन बसवायची. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ; प्रोलीन हा त्यातला ताठर मणी, दाराच्या खिट्टीसारखा. नव्या स्पाइकमध्ये 1273 अमिनो आम्लं. जुन्या क्रमाशेजारी नवा क्रम ठेवला की खिट्टीची जागा सापडते: 986 आणि 987 क्रमांकाची. कॉम्प्युटरचं काम एवढंच, आणि दोन दिवस त्याला पुष्कळ झाले.

‘चाचणी नाही’ ही तर शुद्ध थाप. पहिली सुई 16 मार्चला सिअ‍ॅटलमध्ये टोचली, पुढे सुमारे 30,000 लोकांवर तिसरा टप्पा झाला, परवानगी डिसेंबरात मिळाली. हो, तरुण मुलांमधली हृदयस्नायूची दुर्मीळ सूज या चाचणीत दिसली नाही, लसीकरण सुरू झाल्यावर लक्षात आली. त्यावर जरूर प्रश्न विचारा.

डीएनए? मेसेजमधला ‘कोड’ म्हणजे एमआरएनए, स्पाइक कसा बनवायचा हे पेशीला सांगणारी चिठ्ठी. तो पेशीच्या केंद्रकात, जिथे डीएनए असतो तिथे, जात नाही, थोड्या दिवसांत मोडून जातो. पुढे चला.

आणि एचपीव्हीच्या लशीत एमआरएनएच नाही! विषाणूच्या प्रथिनाचं नुसतं रिकामं कवच असतं. अशी पहिली लस 2006 मध्ये आली, तेव्हा आत्याकडे व्हॉट्सअ‍ॅपही नव्हतं. तिने स्वतः घेतली ती कोविशील्ड. त्यात ना एमआरएनए, ना ती दोन प्रोलीन.

आत्या, पुण्याच्या सीरमची एचपीव्ही लस सर्व्हाव्हॅक 14 वर्षांपर्यंत दोनदा टोचतात, पुढे तीनदा. पोरीला दिवाळीत पंधरा पूर्ण होतील. तिसरी सुई तुझ्या मेसेजची.