तारण कृपेनं, कॉफी पाळीनं

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया गेल्या शनिवारीच वाचली. उत्तराला उशीर झाला तो रागामुळे नव्हे. मधले दोन दिवस चर्चच्या तळघरात लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या पातळ नॉर्वेजियन पोळ्या, लाटण्यात गेले आणि पुढचे दोन खांदा शेकण्यात.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पश्चिम मिनेसोटात, रेड नदीच्या सपाट खोऱ्यात आम्ही राहतो. तिथल्या आमच्या छोट्या ल्युथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरला मानणाऱ्या प्रोटेस्टंट, मंडळीचं दर महिन्याला एक पानी पत्रक निघतं. वर्षभराच्या पत्रकांतल्या बातम्या मी मराठीत उतरवून टाकल्या होत्या. त्यावर आयोवात तीस वर्षं काढलेल्या काकांनी लिहिलं, की कॉफीची पाळी कुणाची, गोधड्या किती झाल्या, छप्पर कधी बदलायचं, याला बातमी म्हणतात का? सगळीकडे जेवणच जेवण, देव कुठे दिसला नाही. मरायला टेकलेल्या संस्थेचं गोड चित्र काढलंय. संस्कृती जपण्याचं कौतुक पुरे झालं. दोन चर्चबद्दल लिहिलेलं तर साफ चूक. शेवटी विचारलं, दहा वर्षांनी हे चर्च उभं असेल का?

चुकीपासूनच सुरुवात करते, कारण ती खरंच माझी होती. गावाजवळ दोन मैलांच्या अंतरात दोन ल्युथरन चर्च आहेत. एक नॉर्वेहून आलेल्यांचं, दुसरं स्वीडनहून आलेल्यांचं, असं मी ठोकून दिलं होतं. तुम्ही म्हणालात, थडग्यांवरची नावं वाचून या. गेले, वाचली. दोन्हीकडे ‘सन’नं, ‘रुड’नं संपणारी तीच नॉर्वेजियन आडनावं. मग मंगळवारी गोधड्या बांधताना मी विषय काढला, तर नव्वदीतल्या एका आजींनी दोरा न सोडता सांगितलं, “ते झगेवाले, आम्ही बिनझग्याचे.”

भांडण नॉर्वेतूनच आलेलं. हान्स नीलसन हाउगे हा तिकडचा शेतकऱ्याचा मुलगा. पाळकाची दीक्षा नसताना गावोगाव उपदेश करत हिंडायचा, आणि तेव्हाच्या कायद्यानं तो गुन्हा होता. १८०४ मध्ये त्याला धरलं आणि पुढची कित्येक वर्षं तो कैदेत होता. त्याला मानणारी माणसं इकडे आली ती पाळकाच्या काळ्या झग्याबद्दलचा आणि गळ्याभोवतीच्या चुणीदार पांढऱ्या कॉलरबद्दलचा संशय सोबत घेऊनच. दुसऱ्या बाजूला झगा, कॉलर, ग्रंथातली उपासना यांवाचून चैन न पडणारे. आम्हां नगरकडच्या ख्रिस्ती लोकांना हे समजायला जड जात नाही. टाळ-मृदंगावर भजनं म्हणणारे आणि पुस्तक उघडून उपासना करणारे एकमेकांकडे कसे बघतात, हे आजोबांच्या ओट्यावर मी लहानपणी पुरेसं ऐकलंय. १९१७ च्या जूनमध्ये सेंट पॉल शहरात तीन नॉर्वेजियन ल्युथरन संघटना एक झाल्या. कागद एक झाला. आमच्या दोन मैलांत मात्र दोन घंटा, दोन दफनभूमी आणि दोन कॉफीची भांडी तशीच राहिली. तुम्ही टोकलं नसतं तर मला हे कळलंच नसतं.

संस्कृतीच्या कौतुकाबद्दलही तुमचं निम्मं बरोबर आहे. ‘जपली’ हा शब्द मी सैलपणे वापरला. पहिल्या महायुद्धात तुमच्याच आयोवात, मे १९१८ मध्ये, गव्हर्नर हार्डिंग यांनी फतवा काढला होता की शाळेत, रस्त्यावर, अगदी टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीच बोलायचं. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी घरात बसून प्रार्थना करावी. रोख जर्मनांवर होता, पण त्यात नॉर्वेजियन, डॅनिश सगळेच भरडले गेले. आमच्या मंडळीत आज नॉर्वेजियनमध्ये जेवणाआधीची प्रार्थना म्हणू शकणारी दोनच माणसं आहेत आणि त्यांनाही तिचा शब्दशः अर्थ सांगता येत नाही. भाषा गेली, मासा राहिला. तो मासाही कसा, तर वाळवलेला कॉड क्षाराच्या पाण्यात आणि मग कित्येक दिवस साध्या पाण्यात भिजवून थलथलीत केलेला. लुटफिस्क. वरून वितळलेलं लोणी घेतलं तर तुम्ही नॉर्वेचे, पांढरा सॉस घेतला तर स्वीडनचे. चांदीचे चमचे त्याला लावत नाहीत, काळे पडतात. मी लोणी घेते, भरपूर घेते, आणि मासा नवऱ्याच्या ताटात सरकवते. आपल्या महाराष्ट्र मंडळांतली पोरं ‘पुरनपोली’ म्हणत दोन खातात आणि पुढचं वाक्य इंग्रजीत बोलतात, तेव्हा मला हे तळघर आठवतं. यात कौतुक नाही. पण तुम्ही म्हणता तसं ढोंगही नाही.

आता बातम्यांचं. इथे मात्र मी हटणार नाही.

तुम्ही पत्रक वर्तमानपत्रासारखं वाचलंत. ते पाळ्यांच्या वहीसारखं वाचायला हवं. रविवारी उपासनेला साधारण पंचवीस माणसं असतात. पाळकबाई तीन मंडळ्यांत वाटलेल्या, साडेआठला एकीकडे, दहाला आमच्याकडे, तिसरीकडे संध्याकाळी. उपासना संपली की त्या गाडीत बसतात. कुलूप, हीटर, घंटा, बर्फ काढणं, अंत्यविधीनंतरचं हॅम सँडविच आणि कॉफी, हे सगळं त्या पंचविसांच्या हातांनी होतं. अशा ठिकाणी ‘ऑक्टोबरची कॉफी कुणाकडे’ ही बातमी नसेल तर दुसरी कोणती? त्या जागी नाव आलं नाही तर त्या महिन्यात कॉफी नाही, आणि कॉफी नाही म्हणजे माणसं दारातूनच घरी जाणार. कुणाचा गुडघा बदलला, कुणाचा ट्रॅक्टर बंद पडला, कुणाला शहरातल्या मुलाकडे हलवलं, हे मग कळणार कुठे?

आणि हे पत्रक ऋतूप्रमाणे कसं हलतं ते तुम्ही पाहिलंच नाहीत. वरवर ते चर्चच्या वर्षावर चालतं: आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, ईस्टर. खालून मात्र बीट चालवतं. आमच्याकडे साखर बीटाची. १ ऑक्टोबरला मुख्य काढणी सुरू होते आणि मग रात्र नाही, दिवस नाही. ट्रक कारखान्याच्या ढिगाकडे धावत असतात. ऊन जास्त झालं तरी काढणी थांबते, कारण गरम बीट ढिगात कुजतं. पाऊस पडला, कडक गोठलं, तरी थांबते. मी पडले साखर कारखान्याच्या पट्ट्यातली. बॉयलर पेटला, मोळी पडली की सगळा तालुका बदलतो, हे अंगात भिनलेलं. फरक एवढाच की आपला ऊस तोडला की लगेच गाळावा लागतो, नाहीतर उतारा घसरतो. इथे बीट उघड्यावर गोठवून ठेवतात आणि कारखाना थेट वसंतापर्यंत चालतो. इथला मोठा कारखानाही १९७३ पासून शेतकऱ्यांच्या सहकाराचा आहे, हे कळलं तेव्हा मला माहेर भेटल्यासारखं झालं. चेअरमनच्या निवडणुकीवरून हॉटेलात किती आवाज चढतो याची मी चौकशी केली. चढत नाही म्हणे. सहकार वेगळा दिसतो.

तर ऑक्टोबरात कार्यकारिणीची सभा नसते. गायनवृंदात पुरुषांचा आवाज नसतो. ल्युथरनांचा खास आपला रविवार, ३१ ऑक्टोबर १५१७ ला ल्यूथरनं चर्चच्या कारभाराविरुद्ध मांडलेल्या पंचाण्णव मुद्द्यांच्या आठवणीचा, नेमका याच महिन्याच्या शेवटी येतो. आमच्याकडे त्याच दिवशी मुलांचं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यातला विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करण्याचा विधी, असतं. यंदा दोन मुलं होती. एकीचे वडील ट्रकमधूनच आले, बुटांना चिखल तसाच. वेदीपाशी लाल कापड, लाल फुलं, आणि मधल्या वाटेवर काळ्या मातीचे ठसे. कुणी पुसले नाहीत. लुटफिस्कचं जेवण यानंतर, बीट निघाल्यावर. आजूबाजूची गावं तारखा एकमेकांवर येऊ देत नाहीत, कारण वाढणारे आणि खाणारे शेवटी तेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये उपवासकाळाचे बुधवार येतात. आधी सूप, मग अर्ध्या तासाची उपासना. सूप करणारं घर दर बुधवारी वेगळं. मेमध्ये पेरणीआधी पाळकबाई बियाण्यावर आणि मातीवर प्रार्थना करतात. कुणी बीटाचं बी आणतं, कुणी सोयाबीनचं. मी एकदा बाजरी नेली होती, घरात होती म्हणून. त्यांनी विचारलं, इथे येते का? म्हटलं, येत नाही, पण प्रार्थनेला काय हरकत आहे.

गोधड्यांना तुम्ही ‘जुन्या कपड्यांचं दान’ म्हणालात. तसं नाही. माप ठरलेलं असतं, ६० इंच बाय ८० इंच. त्या ल्युथरन वर्ल्ड रिलीफकडे जातात. ही संस्था १९४५ मध्ये, युद्धानंतरच्या युरोपला मदत करण्यासाठी सुरू झाली. आता गोधड्या निर्वासितांच्या छावण्यांत पोचतात. आईच्या गोधडीत धाव दोऱ्याचे टाके मुंगीच्या रांगेसारखे असायचे. इथे थोड्या थोड्या अंतरावर जाड दोऱ्याची गाठ मारतात. मी टाके घालायला बसले तर सगळ्या कौतुकानं बघत राहिल्या. मग एक जण म्हणाली, “सुंदर आहे, पण या वेगानं तू वर्षाला एकच करशील.” तेव्हापासून मी गाठी मारते.

देव कुठे आहे, हा तुमचा प्रश्न मला टोचला, आणि त्याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही. ही माणसं त्याच्याबद्दल फार बोलत नाहीत. तारण कृपेनं मिळतं, कर्मांनी नाही, हे ल्यूथरचं म्हणणं त्यांना लहानपणापासून पाठ आहे. स्वयंपाकघरातला त्यावरचा विनोद म्हणजे या उत्तराचं शीर्षक. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात आणि प्रत्येक नावाला घंटेचा एक ठोका देतात. यंदा चार ठोके पडले. वर्षातला बाप्तिस्मा एक. चौथ्या ठोक्यानंतर घंटेचा दोर धरणारे आजोबा तसेच उभे राहिले, कारण ते नाव त्यांच्या बायकोचं होतं. पाळकबाईही थांबल्या. पत्रकात याची ओळ आली ती अशी: ‘घंटा वाजवल्याबद्दल आभार.’ लेखात मी ती जशीच्या तशी दिली होती. तुम्हाला तिथे काही दिसलं नाही, यात चूक माझीही असेल, मी तरी कुठे फोड करून सांगितलं.

गोड चित्राचा आरोप मान्य. एक गोष्ट मी मुद्दाम गाळली होती. ज्या महासंघात आमची मंडळी आहे, तो १९८८ मध्ये स्थापन झाला तेव्हा त्याचे सुमारे ५२ लाख सभासद होते. आज ३० लाखसुद्धा नाहीत. म्हातारपण आणि शहराकडची वाट ही कारणं आहेतच, पण एक भांडणही आहे. २००९ च्या ऑगस्टमध्ये मिनिआपोलिसच्या महासभेनं समलिंगी जोडीदारासोबत राहणाऱ्यांना पाळक होण्याची वाट मोकळी केली आणि गावोगावच्या मंडळ्या फुटल्या. बाहेर पडायचं तर दोनदा मतदान, मध्ये किमान ९० दिवस, आणि दोन्ही वेळा दोन तृतीयांश मतं. शेजारच्या गावात पहिलं मतदान झालं, दुसरं थोडक्यात पडलं. हरलेले उठून गेले आणि आता एका पत्र्याच्या शेडमध्ये वेगळी उपासना करतात. सख्खे भाऊ आहेत त्यात. बीट काढायला एकमेकांचे ट्रक चालतात, जेवणाच्या पंक्ती वेगळ्या. आम्ही इथे आलो ते त्यानंतर. मला हे कुणी सांगितलं नाही. लुटफिस्कच्या जेवणाला कोण येत नाही यावरून हळूहळू उलगडलं. हे लिहिलं तर पुढच्या मंगळवारी गोधडीच्या टेबलावर कसं बसायचं, म्हणून गाळलं. आता लिहिलंय. मराठी वाचणारं तिथे कुणी नाही, एवढाच काय तो माझा धीटपणा.

दहा वर्षांनी चर्च असेल का? जानेवारीच्या वार्षिक सभेत हा प्रश्न आला होता, पण या शब्दांत नाही. गारांनी छपराची वाट लावली होती. साधं छप्पर घालायचं, की दुप्पट टिकणारं पण महागाचं पत्र्याचं? एकानं स्पष्ट विचारलं, “इतकी वर्षं टिकणाऱ्या छपराखाली बसणार कोण?” कुणी काही बोललं नाही. मग खजिनदारांनी सांगितलं, की पत्र्याचं घातलं तर विम्याचा हप्ता कमी बसेल. एकोणीस विरुद्ध चार मतांनी पत्र्याचं ठरलं, आणि सभा संपल्यावर खुर्च्या कुणी आवरायच्या यावर छपरापेक्षा जास्त वेळ गेला.