मॅग्नोलिया आणि आमची आत्या

आर्ट फिल्म एकट्यानं, अंधारात, मोबाइल बंद करून बघावी म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या हॉलमध्ये आत्या झोपत नसणार. लातुरात मे महिन्यात आमचा कूलर एकच, तो हॉलमध्ये. टीव्हीही तिथंच. त्यामुळं मी पॉल थॉमस अँडरसनचा 'मॅग्नोलिया' (१९९९) लावला तेव्हा अख्खं घर कूलरपुढं पसरलेलं होतं. सिनेमा १८८ मिनिटांचा आहे, हे मी कुणालाच बोललो नाही.

सुरुवातीलाच पडद्यावर हवामानाचा अंदाज आला: अंशतः ढगाळ, पावसाची शक्यता ८२ टक्के. अण्णांनी पेपर खाली ठेवला. "पेरू नका म्हणावं. आधी शंभर मिलिमीटर पडू द्या." लॉस एंजलिसच्या त्या सॅन फर्नांडो व्हॅलीत कुणी पेरत नाही, नुसती घरंच घरं आहेत, असं सांगितल्यावर ते कुशीवर वळले.

मग टॉम क्रूझ मंचावर आला आणि बायकांना कसं नादी लावायचं याचा क्लास घ्यायला लागला. मी रिमोट शोधतोय, तर रिमोट अण्णांच्या पाठीखाली. आत्याला इंग्रजी येत नाही, पण त्याचे हातवारे काही इंग्रजीत नव्हते. "बाप्यांचं कीर्तन दिसतंय," एवढंच बोलून तिनं सुपातली डाळ पुढं ओढली. भाचा उशीत तोंड खुपसून हसत होता.

या सिनेमात दहाएक दुःखी माणसं आपापल्या घरात, आपापल्या गाडीत रडतात आणि त्यांचे धागे हळूहळू जुळतात. समीक्षकांनी त्यावर पानंच्या पानं लिहिलीत. आत्यानं डाळ निवडता निवडता मांडलं: "हा मरायला टेकलेला म्हातारा त्या कीर्तनवाल्याचा बाप. पोरानं नाव बदललं, पण राग कुठं जातोय? ही गोरी बाई दुसरी बायको, पैशासाठी केलेली, आता जीव जळायलाय. टीव्हीवर प्रश्न विचारणारा ह्याच म्हाताऱ्याच्या पदरचा. नशा करणारी पोरगी त्याची." दोन तालुक्यांच्या सोयरिकी तोंडपाठ असलेल्या बाईला अँडरसन काय चकवणार! तिला एकच कोडं पडलं होतं: "एवढी मोठाली घरं, अन् रडताना जवळ कुणीच कसं नाही?" आमच्याकडं रडायचं म्हणलं तर आधी गच्चीवर जागा धरावी लागते.

पण खरी ती पेटली त्या क्विझमधल्या पोरावर. हुशार लेकरू, त्याला लघवी लागलेली, आणि कार्यक्रम चालू म्हणून कुणी सोडत नाही. "अरे मेल्यांनो, लेकराला मुतायला सोडा की! बाप कुठं मेलाय त्याचा?" बाप तिथंच बसलाय, त्याला बक्षीस पाहिजे, असं मी सांगितलं. त्यावर तिनं त्या बापाला जे ऐकवलं त्यापुढं टॉम क्रूझचा क्लास सोवळा वाटावा.

शेवटाकडं आभाळातून बेडूक पडायला लागतात. एक-दोन नाही, रस्ताभर, धपाधप. आवाजानं अण्णा दचकून उठले. "नळ आला का?" बायको घागर घेऊन खरंच मोरीपर्यंत जाऊन आली. मला मात्र याच क्षणाची वाट होती. बायबलातल्या निर्गम ग्रंथात ८व्या अध्यायाच्या २ऱ्या ओवीत बेडकांच्या संकटाची धमकी आहे, म्हणून सुरुवातीचा अंदाजही ८२ टक्के, असं मी घसा साफ करून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. आत्या पडद्याकडं बघत हळहळली: "एवढे बेडूक! मागं धोंडी काढायची म्हणून पोरांनी सगळं शिवार पालथं घातलं, एक सापडंना. लिंबाचा पाला बांधून पोरगं तसंच दारोदार फिरवलं. मग पाऊस कामून यील?"

शेवटी तो साधा पोलीस नशेवाल्या पोरीच्या पलंगाशी बसून काहीतरी समजावत राहतो आणि ती किंचित हसते. सिनेमा संपला. मी नावं वाचत बसलो. आत्यानं सूप झटकलं.

"हसली म्हणजे पसंत हाय. घटस्फोट झालाय त्याचा, पण सरकारी नोकरी हाय. ही असली स्थळं मी चहा व्हायच्या आत जमवते. तीन तास कामून बसवलंस?"