मला स्टेशन मास्तर व्हायचंय, पण फक्त मनातल्या मनात

जे कधीच होणार नाहीये त्याची स्वप्नं बघत बसणं म्हणजे टाईमपास, असं म्हणणारे लोक असतात ना, त्यांच्याशी मला आज जरा सविस्तर भांडायचंय. पोस्ट लांब होणारे, आधीच सांगते.

माझं बऱ्याच वर्षांचं एक मनोराज्य आहे. कोकण रेल्वेवर रत्नागिरी सोडून खाली गेलं की विलवडेच्या पुढे कुठेतरी एक स्टेशन आहे, कुठल्याच टाईमटेबलात नाही, आणि तिथली स्टेशन मास्तर मी आहे. त्याचं नाव मी कुणाला सांगत नाही, पण नावाच्या शेवटी 'रोड' आहे एवढं सांगते, कारण मला राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड असली स्टेशनं फार आवडतात, म्हणजे गाडीतून उतरलात तरी गाव अजून लांबच असतं. पिवळी पाटी, काळी अक्षरं, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची. ती उंची मी प्रत्येक स्टेशनवर वाचते, का ते माहीत नाही, पण वाचायची राहिली तर चुकल्यासारखं वाटतं.

तर माझं काम काय, तर क्रॉसिंग. रोहा ते ठोकूर हा सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग बराचसा अजून एकेरीच आहे, त्यामुळे समोरून गाडी येत असली की एकीला लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेऊन उभं करावं लागतं. माझ्याकडे पॅसेंजर येऊन थांबते, लोक वैतागून खाली उतरतात, "क्रॉसिंग लागलं वाटतं" म्हणतात, कुणीतरी डबा उघडतं, लहान मुलं खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढतात, मी पुढच्या स्टेशनशी बोलून लाईन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, घेऊन ठेवलेली असते, आणि मग मेन लाईनवरून एक्सप्रेस धाडधाड निघून जाते आणि मी हिरवा झेंडा धरून उभी असते. शेवटच्या डब्यातला गार्डही मला हिरवा झेंडा दाखवतो. (2022 पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, माझ्या स्टेशनवर तो गार्डच आहे. त्याच वर्षी कोकण रेल्वेचं विद्युतीकरणही पूर्ण झालं, माझ्याकडे तारा आलेल्या नाहीत, डिझेल इंजिनच येतं, आणि त्या वासासकट येतं.)

बास, एवढंच. यात कथा नाही, हिरो नाही, काही घडत नाही. ठाण्यात बँकेत दुपारी तीन-साडेतीनला डोळ्यापुढे आकडे नाचायला लागले की मी दोन मिनिटं तिकडे जाऊन एक गाडी पास करून येते, आणि खरंच सांगते, चहापेक्षा जास्त फरक पडतो.

आता हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, मग रेल्वेची परीक्षा का नाही दिलीस? दुसरा म्हणजे, अगं खरी नोकरी काय असते माहितीय का, नाईट ड्युटी, आडगावात पोस्टिंग, डोक्यावर जबाबदारी. हो, माहितीय. 2003 च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरली आणि कितीतरी माणसं गेली, पुढच्या वर्षी मत्स्यगंधा एक्सप्रेसचा अपघात झाला, आजही पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं टाईमटेबल लागतं, गाड्या हळू चालवतात आणि भर पावसात माणसं रुळांवरून पायी गस्त घालतात. ती नोकरी करणाऱ्यांना माझा मनापासून नमस्कार आहे. पण मला ती नोकरी नकोय! मला पगार नसलेलं, बदली नसलेलं, दरड न कोसळणारं माझं स्टेशन हवंय, आणि ते मला मिळालेलं आहे, रोज मिळतं.

हेच लोकांना पटत नाही. हल्ली काहीही आवडलं की लगेच त्याचं काहीतरी करायचं असतं. केक बरे होतात, मग ऑर्डर घे. झाडं आवडतात, मग नर्सरी टाक, रील बनव. सगळ्यात वाईट हाल झालेत 'कोकणात एक छोटंसं घर' या स्वप्नाचे. माझ्या ओळखीत अर्ध्या लोकांना ते होतं, कौलारू, पुढे अंगण, मागे व्हाळ, आणि बोलताना चेहरे उजळायचे. आता त्याच लोकांशी बोला, गुंठ्याचा भाव काय, एनए (बिगरशेती) झालंय का, सातबाऱ्यावर किती नावं, वीकेंडला भाड्याने दिलं तर काय सुटेल. त्यातल्या काहींनी घर घेतलंही, छान आहे, जेवायला जाऊन आलो. पण आधी ते तासन् तास त्या अंगणात काय लावायचं यावर बोलायचे ना, ते बोलणं बंद झालं, आता बोअरवेलवर बोलतात. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

याउलट माझी मावशी. सत्तरी ओलांडली आहे, आयुष्यभर गिरगावात राहिली, आणि तिला बेस्टच्या डबल डेकरमध्ये कंडक्टर व्हायचं होतं, तेही वरच्या मजल्यावरच. खाली नाही. खाली गर्दी चढते उतरते, वरचा कंडक्टर म्हणजे राजा, असं तिचं ठाम मत. खांद्याला चामडी बॅग, हातात पंच, टिकटिक करत पुढच्या खिडकीपर्यंत जायचं आणि डबल बेल द्यायची. 15 सप्टेंबर 2023 ला जुन्या लाल डबल डेकरची शेवटची फेरी झाली तेव्हा मला वाटलं मावशी खचणार, म्हणून मुद्दाम फोन केला. तर म्हणाली, "अगं बाई, माझी चालू आहे की! उलट आता मधे कुणी ओव्हरटेक करायलाही नाही."

मला त्या दिवशी मावशीचा इतका अभिमान वाटला. ज्याला बंद पडायला डेपोच नाही ते बंद कसं पडणार.

आणि आवडीनिवडींचंही तसंच. मी दक्षिणेकडे जाताना डाव्या खिडकीचा, सह्याद्रीकडचाच हट्ट धरते, बोगद्यातून बाहेर पडताना डोळे मिटून घेते, करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात तर कुणाशी बोलतही नाही. मला कारण विचारू नका. कारण असतं तर ती सोय झाली असती, आवड नाही, आणि दिवसभर आपण सगळं सोयीनेच तर करतो.

सध्या एक प्रश्न मात्र अडलाय. माझ्या स्टेशनवर मुंबईच्या बाजूला एक फणस आहे आणि तो आता इतका वाढलाय की होम सिग्नल, म्हणजे गाडीला स्टेशनात घेणारा सिग्नल, दिसत नाही. फणस तोडणं मला शक्य नाही. मावशीचं म्हणणं, सिग्नल हलव, तुझंच स्टेशन आहे. मी म्हटलं मावशी असं कसं, सिग्नल म्हणजे सिग्नल, तो मनाला येईल तसा हलवत नाहीत. यावरून आमची काल अर्धा तास फोनवर वादावादी झाली आणि रविवारी मी तिच्याकडे जेवायला जाणारे तेव्हा ती पुढे चालू राहणार आहे.