कॉर्नहोलने पूलला मागे टाकले, हा दावा तपासून पाहताना

अमेरिकेतल्या खेळांविषयी वाचणाऱ्यांच्या नजरेस एक दावा गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा पडतो. अंगणात खेळला जाणारा कॉर्नहोल लोकप्रियतेत पूलच्या, म्हणजे टेबलावर क्यू नावाच्या काठीने चेंडू कडेच्या पॉकेट नावाच्या भोकांत घालायच्या खेळाच्या, पुढे गेला आहे आणि पूल हा आता उतरणीला लागलेला, मागच्या पिढीचा खेळ उरला आहे, असे त्यात म्हटलेले असते. पुष्टीसाठी दिली जाणारी कारणेही ठरलेली असतात: कॉर्नहोल खेळणारे अधिक, इंटरनेटवर त्याचा शोध अधिक, त्याच्या फळ्यांची विक्री अधिक, तो दूरचित्रवाणीवर दिसतो, तो कोणालाही लगेच जमतो, आणि पूलचे हॉल तर एकामागून एक बंद होत आहेत. मला दोन्ही खेळांविषयी आस्था आहे, पूलविषयी अंमळ जास्तच, आणि म्हणूनच ही कारणे एकेक करून तपासावीशी वाटली. त्यांतली काही अर्धी खरी आहेत, काही मोजमापाच्या चुकीवर उभी आहेत, आणि शेवटी येणारा निष्कर्ष तर पूलचा उगम विसरूनच काढता येतो.

ज्यांनी कॉर्नहोल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ४ फूट लांब आणि २ फूट रुंद अशा दोन उतरत्या फळ्या एकमेकींपासून २७ फुटांवर समोरासमोर ठेवलेल्या असतात. प्रत्येक फळीच्या वरच्या टोकाकडे ६ इंच व्यासाचे भोक असते. सुमारे अर्धा किलोपेक्षा थोड्या कमी वजनाची चौकोनी कापडी पिशवी फेकायची. ती फळीवर राहिली तर १ गुण, भोकात गेली तर ३ गुण. दोन्ही बाजूंचे गुण एकमेकांतून वजा होतात, उरलेला फरक ज्याचे गुण जास्त त्याला मिळतो आणि २१ गुणांवर डाव संपतो. पूर्वी पिशवीत मक्याचे वाळलेले दाणे भरत असत, त्यावरून खेळाला हे नाव पडले. आता स्पर्धांच्या पिशव्यांत बहुधा प्लास्टिकचे दाणे असतात, कारण मका ओलाव्याने फुगतो आणि त्याचा भुगाही होतो.

पहिले कारण खेळणाऱ्यांच्या संख्येचे. वर्षभरात एकदा तरी हा खेळ खेळलात का, असा प्रश्न विचारला, तर कॉर्नहोलला होकार देणारे पुष्कळ निघतील यात शंका नाही. लग्नसमारंभ, फुटबॉलच्या सामन्याआधी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये जमणारी मंडळी, सुट्टीतली मेजवानी अशा ठिकाणी फळ्या मांडलेल्याच असतात आणि चार पिशव्या फेकल्याशिवाय तिथून कोणी हलत नाही. परंतु वर्षातून एकदा चार पिशव्या फेकणारा आणि दर मंगळवारी संध्याकाळी संघातून खेळायला जाणारा या दोघांना एकाच मापाने मोजले, तर त्या बेरजेतून फक्त ओळखीचा विस्तार कळतो, ओढ किती आहे ते कळत नाही. पूलच्या बाजूला ही ओढ मोजता येण्याजोगी आहे. १९७९ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन आपली सदस्यसंख्या सुमारे २,५०,००० सांगते. हे लोक वर्गणी भरतात, संघाची यादी देतात आणि आठवड्यामागून आठवडे ठरलेल्या रात्री ठरलेल्या टेबलावर हजर राहतात. कॉर्नहोलच्या साप्ताहिक लीगही आहेत आणि त्या वाढत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. तुलना करायचीच असेल तर लीगची लीगशी करावी आणि मेजवानीतल्या हौशीची मेजवानीतल्या हौशीशी करावी. घरगुती मैदानी मेळाव्यांपुरते बोलायचे तर कॉर्नहोल निर्विवाद पुढे आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पूल त्या जागी कधी नव्हताच.

इंटरनेटवरच्या शोधांचा पुरावा सर्वांत जास्त वेळा दिला जातो आणि तोच सर्वांत कच्चा आहे. ‘कॉर्नहोल’ या शब्दाला रोजच्या व्यवहारात जवळपास एकच अर्थ आहे, त्यामुळे त्याचा आलेख काढणे सोपे जाते. ‘पूल’ हा शब्द मात्र इंग्रजीत पोहण्याच्या तलावालाही वापरतात, आणि तलावाचा शोध नेमका उन्हाळ्यात वाढतो. म्हणून तुलना करणारे ‘पूल’ सोडून ‘बिलियर्ड्स’ हा क्यूने खेळायच्या सगळ्याच टेबलखेळांचा शब्द घेतात आणि तिथेच पूलचा आकडा लहान होऊन जातो, कारण अमेरिकेतला खेळाडू बोलताना सहसा ‘बिलियर्ड्स’ म्हणत नाही. तो ‘पूल’ म्हणतो, किंवा पूलच्या प्रकारांची नावे घेऊन ‘एट-बॉल’ म्हणतो, ‘नाइन-बॉल’ म्हणतो. दाव्याच्या विरोधकांनीही इथे सावध राहायला हवे, कारण ‘एट-बॉल’ या शब्दाच्या शोधात फोनवरचा त्याच नावाचा खेळ शोधणारे असंख्य लोक मिसळलेले असतात आणि त्यांच्यातल्या अनेकांनी हातात क्यू कधी धरलेलाही नसतो. शिवाय माणूस काय शोधतो हेही पाहिले पाहिजे. कॉर्नहोलविषयीचे कितीतरी प्रश्न फळीची मापे, भोकाची जागा आणि दोन फळ्यांमधले अंतर यांचे असतात. फळ्या घरी बनवता येतात, म्हणून ते विचारले जातात. पूलचे टेबल कोणी घरी सुतारकाम करून बनवत नाही, त्यामुळे तो प्रश्नच उद्भवत नाही.

विक्रीच्या आकड्यांतही हाच दोष आहे. फळ्यांची जोडी एका कुटुंबाच्या गॅरेजमध्ये राहते आणि वर्षातून काही वेळा बाहेर निघते. पूलचे टेबल म्हणजे स्लेटच्या दगडी फरशीवर ताणून बसवलेले कापड. त्याचे वजन शेकडो किलो भरते. कापड झिजले की बदलतात, फरशी पुन्हा समपातळीत आणतात, कडेच्या कुशनचे रबर नवे लावतात, आणि तेच टेबल दशकानुदशके चालते. बारमधल्या नाणे टाकून खेळायच्या एका ७ फुटी टेबलावर एका महिन्यात जितके हात फिरतात तितके एखाद्या घरगुती फळीच्या नशिबी तिच्या सबंध आयुष्यात येत नाहीत. विकल्या गेलेल्या नगांवरून दोन्ही खेळांची लोकप्रियता ठरवणे म्हणूनच मुळात गैर आहे.

दूरचित्रवाणीचा मुद्दा अर्धा खरा आहे. अमेरिकन कॉर्नहोल लीगची स्थापना २०१५ मध्ये झाली आणि त्यानंतर थोड्याच काळात तिच्या स्पर्धा ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर दिसू लागल्या. २०२० मध्ये साथीमुळे मोठ्या लीगचे सामने थांबले असताना कॉर्नहोल दाखवणे शक्य होते, कारण त्याला माणसे थोडी लागतात आणि ती एकमेकांपासून लांब उभी असतात. त्या महिन्यांत कितीतरी प्रेक्षकांनी तो पहिल्यांदा मन लावून पाहिला. हे यश त्या लीगने मेहनतीने मिळवले आहे. पण पडद्यावरची हजेरी आणि टेबलाभोवतीची गर्दी यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही, हे पूलच्याच इतिहासात दिसते. १९७८ मध्ये विली मॉस्कोनी आणि मिनेसोटा फॅट्स या दोन नामवंत पूलपटूंचा सामना एबीसी वाहिनीने देशभर दाखवला आणि तो प्रचंड पाहिला गेला. पुढे अमेरिकी दूरचित्रवाणीचा पूलमधला रस कधी वाढला, कधी आटला, आणि बारमधली टेबले मात्र जागची हलली नाहीत. आज पूलचे मोठे सामने प्रामुख्याने इंटरनेटवर पाहिले जातात. अमेरिका विरुद्ध युरोप असा १९९४ पासून होणारा मॉस्कोनी कप हे त्याचे ठळक उदाहरण आहे. जुन्या वाहिन्यांवर दिसत नाही म्हणून पूल कोणी पाहत नाही, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

आता हॉल बंद पडण्याविषयी. हे घडले आहे, आणि ज्याने एखाद्या हॉलमध्ये शिकून खेळ उभा केला त्याला ते लागतेही. मात्र हा काही कॉर्नहोल आल्यावर सुरू झालेला प्रकार नव्हे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकेत पूलचे हॉल भरभराटीला आले, दुसऱ्या महायुद्धानंतर ते झपाट्याने ओस पडले, १९६१ मध्ये आलेल्या एका चित्रपटाने त्यांना पुन्हा जीव दिला, तो जोर ओसरला, १९८६ मध्ये त्याच कथेचा पुढचा भाग आल्यावर नवे हॉल निघाले आणि काही वर्षांनी त्यांतलेही बरेच मिटले. इतक्या वेळा मोडून पुन्हा उभ्या राहिलेल्या खेळाची ताजी घसरण हीच अखेरची, असे म्हणायला वेगळा पुरावा लागतो आणि तो दाव्यात कुठेच नाही.

हॉल का बंद पडतात याचे साधे गणितही मांडून पाहावे. स्पर्धेच्या ९ फुटी टेबलाचा खेळायचा भाग १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद असतो, आणि क्यू साधारण ५८ इंचांचा असतो. चारही बाजूंनी क्यू मागे घेता यावा म्हणून जागा सोडली, तर एका टेबलाला सुमारे १८ फूट लांब आणि १४ फूट रुंद खोली लागते, म्हणजे जवळपास २५० चौरस फूट. हॉलमध्ये शेजारशेजारची टेबले ही मोकळी जागा वाटून घेतात, म्हणून आकडा काहीसा उतरतो. तरीही तेवढ्या जागेत एका वेळी खेळणारी माणसे दोनच किंवा चार. शहरातले भाडे वाढत गेले की तासाच्या दराने चालणारा हॉल आधी अडचणीत येतो, खेळणाऱ्यांची हौस तितकीच असली तरी. गंमत अशी की कॉर्नहोलला प्रत्यक्षात याहून लांब पट्टा लागतो, कारण फळ्यांमध्येच २७ फूट जातात आणि मागे फेकणाऱ्याला उभे राहायला जागा हवी. फरक इतकाच की फळ्या उचलल्या की त्या जागी पुन्हा हिरवळ उरते, आणि हिरवळीचे भाडे कोणी तासाने भरत नाही. हॉलमधून उठलेले खेळाडू बहुतांशी बारमधल्या लहान टेबलांकडे आणि तिथल्या लीगकडे गेले. हॉल मोजणाऱ्याच्या हिशोबात ते कुठेच येत नाहीत.

कोणालाही लगेच जमतो म्हणून कॉर्नहोल पुढे, या कारणावर मला जरा थांबावेसे वाटते, कारण ते पूलवर जितका अन्याय करते तितकाच कॉर्नहोलवरही करते. चांगला खेळाडू पिशवी आडवी, सपाट आणि स्वतःभोवती फिरती अशी सोडतो. ती भोकाच्या अलीकडे फळीवर टेकते आणि घसरत आत जाते. पिशवीची एक बाजू गुळगुळीत, दुसरी खरबरीत असते. कोणती खाली ठेवायची यावर ती किती घसरेल हे ठरते. प्रतिस्पर्ध्याने मुद्दाम भोकाच्या तोंडाशी पिशवी अडवून ठेवली असेल, तर आपल्या पिशवीने ती ढकलून आत घालायची (तसे केले तर तिचे ३ गुण त्याला मिळतात), की फळीला न लागता थेट भोकात पडेल असा उंच फेक घ्यायचा, याचा निर्णय क्षणभरात करावा लागतो. हे लगेच कोणालाच जमत नाही.

पूलमध्येही पहिला चेंडू पॉकेटमध्ये घालणे नवख्याला पहिल्याच संध्याकाळी साधते. वर्षे जातात ती त्यानंतर पांढरा चेंडू कुठे थांबेल हे शिकण्यात. क्यूच्या टोकाला खडू घासून पांढऱ्या चेंडूच्या मध्याखाली नेमका फटका दिला, तर तो समोरच्या चेंडूवर आदळतो, समोरचा पॉकेटकडे निघून जातो, पांढरा निमिषभर जागीच गरगरतो आणि मग उलट फिरकीच्या जोरावर कापडावरून मागे येतो, जिथून पुढचा चेंडू सरळ दिसतो तिथे. ज्याने हे एकदा हाताने केले तो टेबलाकडे परत येतोच, आणि कित्येक जण म्हातारपणापर्यंत येत राहतात. आणि नवख्याला या खेळात जागा नसते, हेही खरे नाही. वर उल्लेखिलेल्या असोसिएशनच्या एट-बॉल लीगमध्ये प्रत्येक खेळाडूला कौशल्याचा २ ते ७ असा दर्जा मिळतो आणि सामन्यात उतरणाऱ्या पाच जणांच्या दर्जांची बेरीज २३ च्या वर जाऊ दिली जात नाही. परिणामी प्रत्येक संघाला कमी दर्जाचे खेळाडू शोधून आणावेच लागतात.

पूलमध्ये आता नवे काही घडत नाही, असेही जाता जाता म्हटले जाते. विली मॉस्कोनी यांनी १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्ड इथे न चुकता सलग ५२६ चेंडू पॉकेटमध्ये घातले होते. तो विक्रम पासष्ट वर्षे टिकला. २०१९ मध्ये जॉन श्मिट यांनी ६२६ आणि २०२२ मध्ये जेसन शॉ यांनी ७१४ चेंडू घातले. आणि दाव्यात ‘जगभर’ हा शब्द असेल तर चर्चा लवकर आटोपते. कॉर्नहोल अजून मुख्यत्वे उत्तर अमेरिकेचा खेळ आहे, तर पूल २००१ पासून वर्ल्ड गेम्समध्ये, म्हणजे ऑलिंपिकबाहेरच्या खेळांच्या जागतिक स्पर्धेत, खेळला जातो आणि त्याचे जगज्जेते फिलिपिन्स, तैवान, फिनलंड, ऑस्ट्रिया, स्पेन अशा देशांतून आले आहेत. फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेस यांना अमेरिकेतले खेळाडूदेखील या खेळातला सर्वश्रेष्ठ म्हणून मान देतात.

राहता राहिला निष्कर्ष: पूल बंद खोलीतला जुना खेळ, कॉर्नहोल मोकळ्या अंगणातला नवा खेळ, आणि काळ अंगणाकडे वळला आहे. पण पूल ज्या बिलियर्ड्समधून निघाला तो स्वतःच हिरवळीवरचा खेळ होता. लाकडी हातोड्याने चेंडू कमानींतून मारायच्या क्रोकेसारखा तो युरोपात गवतावर खेळला जाई. पंधराव्या शतकात तो घरात आला, आणि फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्याकडे १४७० च्या सुमारास असे टेबल होते. टेबलावरचे कापड हिरवे असते ते त्या गवताच्या आठवणीने. उलट दिशेने पाहिले तर कॉर्नहोलचा एक पूर्वज घरात खेळायचाच होता: १८८३ मध्ये अमेरिकेत ज्या पिशवी फेकण्याच्या खेळाचे पेटंट घेतले गेले त्याच्या नावातच दिवाणखाना होता आणि फळीचे भोक चौकोनी होते. कॉर्नहोलचे नाव ज्या शहराशी सर्वांत घट्ट जोडले गेले आहे ते ओहायोतले सिनसिनाटी, आणि अमेरिकेतले नामांकित टेबल-निर्माते जॉन मोझेस ब्रन्सविक यांनी आपले पहिले बिलियर्ड टेबल १८४५ मध्ये बनवले तेही सिनसिनाटीतच.